ओपन सोर्स: दाराच्या आतल्या बाजूने दिलेले उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकता. सी आणि पायथन तुम्हाला बऱ्यापैकी येतात. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही निरनिराळ्या ओपन सोर्स प्रकल्पांना (ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो) मिळून अकरा पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या, पाठवल्या. त्यांपैकी रीडमी या माहितीच्या फाइलमधील शुद्धलेखनाच्या तीन दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, दोन पुल रिक्वेस्ट कारण न सांगता बंद झाल्या आणि उरलेल्या सहांना उत्तरच आले नाही. तेव्हा ओपन सोर्समध्ये शिरकाव करायचा कसा आणि शिरल्यावर वाढायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे. मी चौदा वर्षे मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररींवर (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडवर) काम करतो आहे आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे एका मध्यम आकाराच्या प्रकल्पाचा मेंटेनर (सांभाळणारा) आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या पुल रिक्वेस्ट ज्याच्या दारात येऊन पडतात, तो माणूस. त्यामुळे हे उत्तर मी त्या दाराच्या आतल्या बाजूने देतो आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की प्रकल्पाला कोड लिहिणारे हात कमी पडत असतील. प्रत्यक्षात कमी पडतो तो वाचणाऱ्याचा वेळ. दहा ओळींचा बदल लिहायला तुम्हाला एक संध्याकाळ लागली असेल, पण तो स्वीकारण्यापूर्वी मला तो वाचावा लागतो, जुन्या वापरकर्त्यांचे काही मोडत नाही ना हे पाहावे लागते, त्यासाठी चाचणी आहे की नाही हे तपासावे लागते आणि एकदा तो मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, की तुम्ही नोकरीला लागून ओपन सोर्स विसरून गेलात तरी त्या दहा ओळींचे ओझे पुढची कित्येक वर्षे माझ्याच खांद्यावर राहते. तुमच्या सहा पुल रिक्वेस्टना उत्तर आले नाही, ते कोड वाईट होता म्हणून असेलच असे नाही. ते वाचण्याइतका वेळ खर्च करावा, असे समोरच्याला वाटायला काही कारण मिळाले नसावे. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळे याच एका गोष्टीभोवती फिरते.

मेंटेनर अनोळखी नावाकडे साशंकतेने का पाहतात, याला गेल्या काही वर्षांचा इतिहास आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सचा उपक्रम भरवते आणि ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट करणाऱ्याला पूर्वी टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्या टी-शर्टापायी निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा लोंढा आला की ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला आहे तेथीलच काम मोजले जाईल, असे जाहीर करावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) रीडमीत केवळ स्वतःचे नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा असाच पूर आला; पुल रिक्वेस्ट कशी करावी हे शिकवणाऱ्या आपल्याकडच्याच एका व्हिडिओत ती रेपॉझिटरी उदाहरणादाखल दाखवली गेली होती. त्यानंतर भर पडली ती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या अहवालांची. इंटरनेटवरून डेटा आणणारे-पाठवणारे कर्ल हे साधन १९९८ पासून सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी, दिसायला सुबक पण आत काहीच नसलेल्या अशा सुरक्षा-अहवालांपायी किती वेळ वाया जातो, याविषयी २०२४ पासून वारंवार जाहीरपणे लिहिले आहे. या पार्श्वभूमीवर रीडमीतील एका स्वल्पविरामाची दुरुस्ती घेऊन येणारा अनोळखी माणूस मेंटेनरला कसा दिसत असेल, याची कल्पना करून पाहा. तुमच्या त्या तीन स्वीकारलेल्या दुरुस्त्यांनी काही बिघडले नाही, पण त्यांनी तुमची ओळखही झाली नाही.

आता प्रकल्प कसा निवडावा ते पाहू. तुम्ही पाच-सहा प्रकल्पांत हात घातलात, ही माझ्या मते तुमची सर्वांत मोठी चूक आहे. एकच निवडा, आणि तो असा निवडा की जो तुम्ही स्वतः रोज वापरता किंवा ज्याच्या एखाद्या दोषाने तुम्ही खरोखर वैतागला आहात. निवडण्यापूर्वी अर्धा तास खर्च करून गेल्या तीन महिन्यांत मर्ज झालेले बदल चाळा आणि त्यांत मेंटेनरांच्या कंपूबाहेरच्या किती जणांची नावे आहेत ते मोजा. बाहेरचे एकही नाव नसेल, तर तो प्रकल्प कदाचित एखाद्या कंपनीचे अंतर्गत काम आहे, ज्याचा कोड फक्त उघड्यावर ठेवलेला आहे. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यासाठी सोपे काम) अशी खूण असलेल्या इश्यूंवर, म्हणजे नोंदवलेल्या दोषांवर किंवा मागण्यांवर, प्रसिद्ध प्रकल्पांत तासाभरात दहा जण तुटून पडतात आणि त्याखाली 'कृपया हा इश्यू मला असाइन करा' अशा विनंत्यांची रांग लागते. बऱ्याच प्रकल्पांत नवख्याला इश्यू असाइन करण्याची पद्धतच नसते. काम करून दाखवणे हाच तेथे अर्ज असतो. त्या रांगेत उभे राहू नका.

पहिला महिना कोड न लिहिता घालवा, असा माझा सल्ला आहे, आणि तो ऐकून बहुतेक विद्यार्थी नाराज होतात. प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करा, आणि त्याच्या सर्व चाचण्या चालवून पाहा. बिल्ड करताना कागदोपत्री दिलेली एखादी पायरी चुकीची निघाली, तर ती दुरुस्त करणे हे रीडमीतील शुद्धलेखनापेक्षा कितीतरी मोलाचे काम आहे, कारण ती अडचण फक्त नवख्यालाच दिसते. आम्हा जुन्यांच्या यंत्रांवर सगळे आधीच बसवलेले असल्यामुळे ती आमच्या ध्यानातही येत नाही. त्यानंतर इश्यूंच्या यादीत शिरा आणि इतरांनी नोंदवलेले बग (दोष) आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहा. शेकडो इश्यू अशा अवस्थेत पडून असतात की नोंदवणाऱ्याने 'चालत नाही' एवढेच लिहिलेले असते आणि पुढे पाहायला कुणालाच फुरसत झालेली नसते. तुम्ही जर लिहिलेत की अमुक आवृत्तीवर हा बग येतो, त्याआधीच्या आवृत्तीवर येत नाही, आणि गिट बायसेक्ट (दोष कोठून आला ते शोधणारी आज्ञा) चालवल्यावर तो अमुक कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) सुरू झाल्याचे दिसते, तर मेंटेनरचा अर्धा दिवस वाचतो. बायसेक्ट दर वेळी उरलेला पल्ला अर्धा करत जाते, त्यामुळे हजार कमिटांतून गुन्हेगार शोधायला साधारण दहाच फेऱ्या लागतात. यासाठी कोडची खोल समज लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

मराठी येणे हेही येथे भांडवल आहे, आणि ते फारसे कुणी वापरत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवलेला आढळतो: एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणातील यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण युनिकोडच्या नॉर्मलायझेशनच्या (समान रूपे एक करण्याच्या) नियमांनी ते एकरूप होत नाहीत. त्यामुळे एका पद्धतीने टंकलेला 'दुसऱ्या' शोधला, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दस्तऐवजात तो सापडतच नाही. स्टॉकहोम किंवा टोकियोत बसलेल्या प्रोग्रामरला हा दोष दिसणे जवळपास अशक्य आहे, कारण तो त्याला घडतच नाही. तुम्ही तो दोन्ही क्रमांचे कोड पॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) लिहून, कोणता मजकूर शोधला, काय सापडायला हवे होते आणि काय सापडले ते सांगून, तीन ओळींच्या नमुना फाइलसह नोंदवला, तर मराठीचे एक अक्षरही न येणारा मेंटेनर तो तपासू शकतो. मी स्वतः याच अर्ध्या र मुळे या क्षेत्रात आलो. शोध, क्रमवारी, शब्दतपासणी, ओळ तोडणे, पीडीएफमधून मजकूर काढणे अशा प्रत्येक ठिकाणी देवनागरीचे असे खाचखळगे आहेत, आणि हार्फबझसारखी लायब्ररी, जी क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस (मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर) या सर्वांत मजकुराची मांडणी करते, तिच्यासाठी नेमका नमुना घेऊन येणारा भाषक हा पाहुणा राहत नाही.

भाषांतराविषयीही येथेच सांगतो. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या आणि फायरफॉक्सचे पोंटून या ऑनलाइन साधनावर चालते. दोन्हींसाठी ब्राउझर पुरतो आणि प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मात्र यंत्राकडून भाषांतर करवून घेऊन शेकडो ओळी एकदम ढकलणाऱ्यांनी तेथेही पडताळणी करणाऱ्याचे काम वाढवून ठेवले आहे. वीस ओळी नीट करा, मेनूत उघडून पाहा आणि मगच पुढे जा.

पॅच (कोडमधील बदल) लिहायची वेळ आल्यावर कोणती शिस्त पाळावी, हे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून, शिकावे. पुढे तुम्ही कर्नलला एक ओळही पाठवली नाही तरी चालेल. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत साधारण दोन हजार जणांचे बदल असतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा वेळ वाचवण्याच्या युक्त्या तेथे नियमांत घट्ट बसवलेल्या आहेत. एका पॅचमध्ये तर्काच्या दृष्टीने एकच बदल असावा. पाठवण्यापूर्वी तो चेकपॅच या स्क्रिप्टमधून काढावा आणि कुणाला पाठवायचा हे गेट-मेंटेनर या स्क्रिप्टला विचारावे. एखाद्या जुन्या कमिटमुळे आलेला दोष दुरुस्त करत असाल, तर 'फिक्सेस' या ओळीत त्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली बारा अक्षरे द्यावीत. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून, हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे याची ग्वाही द्यावी. एससीओ या कंपनीने कर्नलच्या मालकीवरून न्यायालयात वाद उभा केल्यानंतर, २००४ मध्ये, ही प्रथा सुरू झाली. या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो कमिट संदेश. काय बदलले हे डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधील फरकात) दिसतेच. ते का बदलावे लागले, न बदलल्यास वापरकर्त्याला काय त्रास होतो आणि दुसरा सोपा मार्ग का सोडून दिला, हे संदेशात असले पाहिजे. 'अपडेट फाइल' एवढाच संदेश असलेली पुल रिक्वेस्ट मी हल्ली उघडतही नाही, हे कबूल करतो. तुमच्या अकरांपैकी चारांचा संदेश असाच आहे.

माझा स्वतःचा पहिला पॅच तीन ओळींचा होता. पण माझ्या एडिटरने सेव्ह करताना संपूर्ण फाइलमधील ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, त्यामुळे डिफ चारशे ओळींची झाली आणि मी ती तशीच पाठवली. मेंटेनरने उत्तरात एकच वाक्य लिहिले: यांतल्या कोणत्या तीन ओळी वाचायच्या, ते कृपया सांगा. मला दोन दिवस अपमान झाल्यासारखे वाटत राहिले; तिसऱ्या दिवशी मी डिफ उघडून पाहिली आणि कान पकडले. तेव्हापासून पाठवण्याआधी मी स्वतःची डिफ परक्याची असल्यासारखी वाचतो आणि कारण सांगता न येणारी एकही ओळ तीत ठेवत नाही.

पाठवल्यानंतर वाट पाहावी लागते. कर्नलचे मार्गदर्शक दस्तऐवज, निदान एक आठवडा थांबल्याशिवाय आठवण करू नये, असे सांगतात आणि नव्या आवृत्तीसाठी बदल गोळा करण्याच्या दोन आठवड्यांच्या काळात तर त्याहूनही धीर धरावा लागतो. लहान प्रकल्पांत मेंटेनर दिवसभर दुसरीकडे नोकरी करून रात्री हे काम करत असतो, म्हणून मी दोन आठवड्यांचा हिशेब धरतो. आठवण करताना 'काही अपडेट आहे का' असे विचारण्याऐवजी, मधल्या काळात मुख्य शाखा (प्रकल्पाचा चालू कोड) बदलल्यामुळे पॅच पुन्हा बसवून दिला आहे आणि आणखी एक चाचणी जोडली आहे, असे कळवा. म्हणजे ती आठवण न राहता मदत होते. रिव्ह्यूत (तपासणीत) दहा शेरे आले, तर दहाही शेऱ्यांना उत्तर द्या: मान्य असेल तर बदल करून, नसेल तर कारण सांगून. शेरे येणे याचा अर्थ कुणीतरी तुमच्यासाठी वेळ काढला आहे. आपल्याकडच्या मुलांना 'रिस्पेक्टेड सर' लिहायची आणि वरिष्ठाने काही म्हटले की लगेच माघार घ्यायची सवय असते. ओपन सोर्समध्ये नावाने हाक मारतात, आणि तुमचे म्हणणे बरोबर असेल तर ते सभ्यपणे लावून धरणे अपेक्षित असते. मेंटेनर चुकतो. मी तर नेहमी चुकतो, आणि चूक दाखवून देणाऱ्याचे नाव माझ्या चांगले लक्षात राहते.

वाढायचे कसे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. पुल रिक्वेस्टची संख्या वाढवून माणूस फारसा वाढत नाही. तो इतरांचे काम वाचू लागला की वाढतो. आपले पाच-सहा पॅच मर्ज झाल्यावर त्याच भागातील दुसऱ्या कुणाचा पॅच उचलावा, तो चालवून पाहावा आणि काय आढळले ते लिहावे. तुम्हाला अधिकार नसला तरी हे करण्यापासून कुणी अडवत नाही. कर्नलमध्ये अशा कामाची नोंद 'टेस्टेड-बाय' आणि 'रिव्ह्यूड-बाय' या ओळींनी कमिटमध्ये कायमची होते. पायथनमध्ये कोअर डेव्हलपर होण्याच्या अलीकडे ट्रायेजर अशी पायरीच आहे: ट्रायेजरला कोड मर्ज करता येत नाही, पण इश्यूंना लेबले लावणे आणि निकाली निघालेले इश्यू बंद करणे त्याच्याकडे असते. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत कॉन्ट्रिब्यूटर, कमिटर (थेट कोड घालू शकणारा) आणि मग प्रकल्प व्यवस्थापन समितीचा सदस्य अशी चढण आहे, आणि तेथे बढती मागून मिळत नाही. आधीचे सदस्य तुमचे काम पाहून तुमचे नाव सुचवतात. वरच्या पायरीवरचे काम तुम्ही आधीपासून करतच असता, पायरी नंतर दिली जाते. माझ्या प्रकल्पात मी आजवर तिघांना कमिटचे अधिकार दिले, आणि तिघांच्याही बाबतीत मला आठवतात ती त्यांची पुल रिक्वेस्ट नव्हे, तर मी आजारी असताना किंवा प्रवासात असताना त्यांनी न सांगता निस्तरलेली इश्यूंची रांग.

हे लवकर घडत नाही आणि २०२४ नंतर तर आणखीच हळू घडते, याचे कारण एक्सझेड प्रकरण. ही डेटा आकुंचित करणारी लायब्ररी लासे कॉलिन हे जवळपास एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. 'जिया टॅन' या नावाच्या व्यक्तीने २०२१ पासून तेथे उपयुक्त पॅच पाठवून विश्वास कमावला. दरम्यान इतर काही खात्यांवरून, काम फार मंद चालले आहे, अशी कॉलिन यांच्यामागे टुमणी लावली गेली, आणि पुढे त्या व्यक्तीला मेंटेनरचे अधिकार मिळाले. त्यानंतर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तिने चोरवाट पेरली. अँड्रेस फ्रॉयंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, म्हणून त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण उघड केले. तेव्हापासून अतिउत्साही अनोळखी मदतनीसाकडे मेंटेनर दोनदा पाहतात. तुमच्यावर कुणी वैयक्तिक अविश्वास दाखवत नाही. पण अधिकारांची घाई दिसली, तर आता ती तुमच्या विरोधात जाते.

गुगल समर ऑफ कोडविषयी तुम्ही वेगळे विचारले आहे. नवख्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली ओपन सोर्स प्रकल्पात काम देणारा तो उपक्रम २००५ पासून चालतो. २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट उरलेली नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला ओपन सोर्समधील नवखा माणूस अर्ज करू शकतो. हल्ली प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात आणि मानधन मिळते. मी काही वर्षे मेंटॉर म्हणून अर्ज वाचले आहेत. अर्जाची मुदत सुरू झाल्यावर प्रथमच उगवणारे पन्नास अर्ज आणि आधीच्या चार महिन्यांत आमच्या इश्यूंमध्ये दिसलेल्या मुलीचा एक अर्ज, यांत निवड करायला फार विचार करावा लागत नाही. आउटरीची हा उपक्रम, तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना पुरेसे स्थान मिळालेले नाही अशांसाठी आहे, आणि त्यात तर निवडीपूर्वी प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवणे हीच अट आहे. जवळचे पाहायचे झाल्यास आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प शैक्षणिक वापराच्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. तेथील ईसिम हे इलेक्ट्रॉनिक परिपथांच्या रचनेचे साधन तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडेल, आणि जे प्रयोगशाळेत वापराल त्याचे दोष तुम्हालाच आधी दिसतील.

नोकरीसाठी याचा उपयोग होतो, पण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर रोजचे काम दाखवणाऱ्या आलेखावरील हिरव्या चौकोनांचा होत नाही. मुलाखत घेताना मी उमेदवाराला त्याच्या एखाद्या मर्ज झालेल्या पॅचवरील चर्चा उघडायला सांगतो आणि तेथे त्याने कुणाचा आक्षेप कसा हाताळला ते वाचतो. नोकरी लागल्यावर मात्र नेमणुकीच्या करारातील बौद्धिक संपदेचे कलम सहीआधी वाचा. काही करारांनुसार तुम्ही सुटीच्या दिवशी लिहिलेला कोडही कंपनीचा ठरू शकतो, आणि मग 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून तुम्ही दिलेली ग्वाही खोटी पडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरावीत का, याबाबत प्रकल्पागणिक नियम वेगळे आहेत. ते आधी वाचावेत. अनोळखी कोड समजून घेण्यासाठी मी ती वापरतो. पण रिव्ह्यूतील प्रश्नाचे उत्तर तुम्ही त्या साधनाला विचारून मला पाठवत असाल, तर मधे तुम्ही कशाला हवे आहात, असा प्रश्न मला पडतो.

आता तुमच्या बंद झालेल्या दोन पुल रिक्वेस्टविषयी. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून पाहता, पहिलीत तुम्ही सुमारे चाळीस फाइलींतील व्हेरिएबलांची नावे 'अधिक चांगली' केली होती. ती सोडून द्या, तशी मागणी कुणी केलेली नव्हती. दुसरी मात्र सोडू नका. रिकामी फाइल दिल्यावर कोसळणारा पार्सर (फाइलची रचना वाचणारा भाग) हा खरा दोष आहे, फक्त तुम्ही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये फाइलची मांडणी बदललीत आणि चाचणी जोडली नाहीत. आधी एक इश्यू उघडून ती रिकामी फाइल, वापरलेली आवृत्ती आणि कोसळल्यावर दिसणारा स्टॅक ट्रेस (कोड कोठे कोसळला हे दाखवणारी यादी) द्या. मग फक्त त्या दुरुस्तीचा आणि एका चाचणीचा मिळून एकच कमिट करा, संदेशात इश्यूचा क्रमांक लिहा आणि आधीची पुल रिक्वेस्ट का बंद झाली असावी हे आपल्याला कळले आहे, असे एका वाक्यात नमूद करा. दोन आठवडे थांबा, आणि त्या दोन आठवड्यांत त्याच पार्सरविषयीचे दुसऱ्या कुणाचे तीन इश्यू आपल्या यंत्रावर घडवून पाहा.